रजिस्टरातले चाळीस वाचक

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी झरीला घरी येऊन गेला. त्याचं नाव लिहीत नाही, आणि ज्या गावी मी त्याला शिकवलं त्या गावाचंही लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. तो आता साठीला आलाय. येताना हातात एक जड पिशवी होती. पिशवीत चार जुनी रजिस्टरं, कडा वाळवीनं खाल्लेल्या.

"सर, वाचनालयाची खोली पाडायलेत. पुस्तकं शाळेत हलवली. ही रजिस्टरं रद्दीवाला किलोवर मागायलाय. पण यातलं बरंचसं अक्षर तुमचं आहे, म्हणलं आधी तुम्हाला दाखवावं."

नात सुट्टीला पुण्याहून आलेली आहे. तिनं एक रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "आजोबा, ही गव्हर्नमेंट लायब्ररी होती का?"

मी आधी "हो" म्हणालो. मग "नाही" म्हणालो. मग विद्यार्थ्याकडं बघितलं, तर तो हसत होता. पस्तीस वर्षं त्या वाचनालयाचा ग्रंथपाल राहिलेला माणूस, पण यालाही या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येईना. तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून हे लिहायला बसलो. लिहिता लिहिता स्वतःचंही थोडं उत्तर द्यावं लागलं.

सुरुवात जरा लांबून करतो. मास्तरकीची सवय, जात नाही.

आपल्याकडं पुण्या-मुंबईच्या, कोकणाच्या बाजूला वाचनालयं फार लवकर निघाली. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. सुरुवातीला ती साहेबांसाठी किंवा इंग्रजी शिकलेल्या मोजक्या लोकांसाठी होती, पण निघाली. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. राज्यकारभार उर्दूत, पुढं वरचं शिक्षणही उर्दूत. सभा भरवायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तर परवानगी. 'गश्ती निशाण ५३' हे नाव आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होतं, कारण त्या फर्मानानं साध्या सभेलाही सरकारची संमती लागायची. अशा दिवसांत परभणीला गणेश वाचनालय १९०१ साली सुरू झालं, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. तिकडं हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं ते १९२२ साली. जिथं चार माणसांनी एकत्र जमून बोलायला बंदी, तिथं चार माणसांनी एकत्र बसून वाचणं हेसुद्धा एक काम होतं. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं (परतूर तेव्हा आमच्याच परभणी जिल्ह्यात). असे लोक एका दिवसात तयार होत नाहीत. ते कुठंतरी बसून वर्तमानपत्र वाचत असले पाहिजेत.

मी जन्मलो तेव्हा निजाम जाऊन दोनेक वर्षं झाली होती. झरीहून परभणीला शिकायला गेलो आणि पहिल्यांदा वाचनालय पाहिलं. लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि कुणीच बोलत नाही! देवळातसुद्धा इतकी शांतता मी पाहिली नव्हती. बी. रघुनाथ याच परभणीत नोकरी करत होते, इथंच राहून कथा-कविता-कादंबऱ्या लिहीत होते, आणि १९५३ साली गेले, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. एवढंच कळलं की घरात पुस्तक नसलं तरी पुस्तक मिळू शकतं.

आता कायद्याची गोष्ट. कंटाळू नका, थोडक्यात सांगतो. सगळं पाणी तिथंच मुरतंय.

वाचनालयाचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाची आपल्या देशात दोन-तीन उत्तरं दिली गेली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि गावोगाव मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली. म्हणजे राजानं द्यायचं. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली ग्रंथालयांचा कायदाच केला. मद्रासनं १९४८ साली रंगनाथनांच्या सांगण्यावरून कायदा केला, त्यात ग्रंथालय कर आला. घरपट्टी भरताना तिच्यासोबत थोडे पैसे वाचनालयासाठी भरायचे. म्हणजे सगळ्यांनी मिळून द्यायचं, आणि ते दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत.

आमच्या हैदराबाद राज्यानंही मद्रासच्या वळणाचा कायदा १९५५ साली केला. त्यात कराची तरतूद होती. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाड्यापुरता तो जुना कायदा पुस्तकात राहिला. मग वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६७ साली 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम' झाला, १ मे १९६८ पासून लागू झाला, आणि आमचा हैदराबादचा कायदा रद्द झाला. त्याच्याबरोबर करही गेला. महाराष्ट्रानं कर लावला नाही. त्याऐवजी सरकारनं दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये घालायचे असं ठरलं. त्या काळी २५ लाख म्हणजे लहान रक्कम नव्हती.

आणि वाचनालयं कोणाची? तर ती लोकांचीच राहिली. इथं महाराष्ट्राची रीत वेगळी. सरकारनं गावागावांत स्वतःची वाचनालयं काढली नाहीत. गावातल्या लोकांनी संस्था करायची, धर्मादाय आयुक्तांकडं तिची नोंदणी करायची, जागा बघायची, पुस्तकं जमवायची, वर्गणीदार मिळवायचे, मग मान्यतेसाठी अर्ज करायचा. १९७० च्या नियमांप्रमाणे अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. ड म्हणजे सगळ्यात लहान. पुस्तकं वाढली, वाचक वाढले की वरच्या वर्गात जायचं, शाळेसारखंच. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, पण ठरलेल्या मर्यादेत, परिरक्षण अनुदान. उरलेलं संस्थेनं उभं करायचं. वरती मुंबईला ग्रंथालय संचालनालय, विभागाला सहायक संचालक, जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी. वार्षिक अहवाल, ऑडिट, तपासणी, आणि मग वर्षातून दोन हप्त्यांत पैसे.

म्हणजे नातीच्या प्रश्नाचं उत्तर असं. वाचनालय गावाचं, पैसे सरकारचे, आणि ग्रंथपाल... तो कोणाचाच नाही.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. आता त्या गावाची गोष्ट.

मी तिथल्या खाजगी अनुदानित हायस्कुलात होतो. १९८५ च्या सुमारास गावातल्या पाच-सहा पोरांनी वाचनालय काढायचं मनावर घेतलं. ग्रामपंचायतीची एक पत्र्याची खोली मिळाली. कुणी घरातली पोथी-पुराणं दिली, कुणी दिवाळी अंक दिले, मी माझी बीएची पुस्तकं दिली. दैनिक 'मराठवाडा' दुपारच्या एसटीनं यायचा, तो वाचायला पारावरची माणसं आत येऊन बसायला लागली. कार्यवाह गावातले एक शेतकरी होते, पण लिहिण्याचं काम माझ्याकडं. घटना लिहिली मी, ठराव लिहिले मी, अर्ज लिहिला मी. दोन-तीन वर्षांनी ड वर्गाची मान्यता मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

ग्रंथपाल कोण? तर माझाच विद्यार्थी. बारावी झालेला, वाचायची आवड, घरी तीन एकर कोरडवाहू. मीच त्याला म्हणालो, "बस इथं. आज थोडं मिळंल, पुढं स्केल लागंल. शाळांचं नाही का झालं?"

मी हे मनापासून म्हणालो होतो. कारण शाळांचं खरंच तसं झालं होतं. आमची शाळाही संस्थेचीच होती. सरकारची नव्हती. तीही अनुदानावर चालायची. पण शाळेचं अनुदान मास्तरच्या पगाराला बांधलेलं होतं. वेतन आयोग आला की आमचा पगार वाढायचा, १९७७ च्या कायद्यानं नोकरीला संरक्षण होतं, आणि निवृत्तीनंतर पेन्शन. वाचनालयाचं अनुदान माणसाला बांधलेलं नव्हतं, वर्गाला बांधलेलं होतं. ड वर्ग म्हणजे एवढी ठोक रक्कम. त्यातच पुस्तकं, त्यातच वर्तमानपत्रं, त्यातच वीजबिल, कपाट, ऑडिटची फी, आणि त्यातच ग्रंथपाल. एकाच गावातल्या दोन संस्था, दोन्हींना सरकारचं अनुदान. एकीतला मास्तर आज पेन्शन खाऊन हे लिहितोय आणि दुसरीतला ग्रंथपाल रजिस्टरं पिशवीत घालून त्याच्या दारात आलाय. ही सगळी तफावत अनुदान कशाला बांधलं, एवढ्या एका गोष्टीची आहे.

आकडे सांगतो म्हणजे नीट कळेल. २०१२ साली अनुदान वाढलं तेव्हा ड वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये झाले. सगळेच्या सगळे पगारावर घातले असते तरी महिन्याला अडीच हजार. आणि सगळे घालता येत नाहीत. त्यानंतर दहा वर्षं तीच रक्कम. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ६० टक्के वाढ मंजूर केली, म्हणजे ४८ हजार. महिन्याचे चार हजार, तेही सगळे खर्च धरून. मधल्या काळात वेगवेगळ्या समित्या झाल्या. १९७३ सालची प्रभा राव समिती, पुढं व्यंकप्पा पत्की समिती. सेवकांना वेतनश्रेणी द्या ही मागणी माझ्या विद्यार्थ्याचे केस काळे होते तेव्हापासून ऐकतोय. त्याचे केस पांढरे झाले.

आता ज्यासाठी गावाचं नाव लपवलं ते लिहितो.

आमच्या वाचनालयात रोज आठ-दहा माणसं यायची. पावसाळ्यात पेरणीच्या दिवसांत दोन-तीन. सुगी संपली की पंधरा. ड वर्गाच्या खेड्यातल्या वाचनालयाला आठ-दहा माणसं म्हणजे वाईट नाही. पण तपासणी आली की आम्हाला धाक वाटायचा. आठ वाचक दिसले तर शेरा पडेल, शेरा पडला तर हप्ता अडेल, हप्ता अडला तर याचा पगार जाईल. पहिल्या तपासणीच्या आदल्या रात्री कंदील लावून मी आणि तो बसलो आणि वाचक-हजेरीचं रजिस्टर 'नीट' केलं. रोज चाळीस. नावं गावातलीच, माझ्या वर्गाच्या हजेरीपटावरून घेतलेली. पेनं तीन रंगांची. मी मास्तर, मला सह्या वेगवेगळ्या करता यायच्या.

तपासणी झाली, हप्ता आला. मग ती पद्धतच पडली. दुसरीही एक पद्धत पडली. संस्थेचा दहा टक्के वाटा कुठून आणायचा? वर्गणी जमायची नाही. मग ग्रंथपाल पगारपत्रकावर पूर्ण पगाराची सही करायचा आणि त्यातले काही पैसे संस्थेला 'देणगी' म्हणून परत करायचा. पावती मी फाडायचो. त्याच्या नावावर देणगीच्या इतक्या पावत्या आहेत की वाचणाऱ्याला वाटावं, गावातला सावकार असावा!

मी २००८ ला निवृत्त झालो आणि झरीला परत आलो. २०१२ च्या उन्हाळ्यात सरकारनं राज्यातल्या सगळ्या वाचनालयांची तपासणी महसूल खात्याकडून करून घेतली. तेव्हा राज्यात बारा हजारांवर मान्यताप्राप्त वाचनालयं होती. कित्येक ठिकाणी वाचनालय नुसतं कागदावर निघालं. कुठं कुलूप, कुठं पुस्तकांऐवजी खताची पोती. त्यावर पेपरात खूप आलं, आणि ते योग्यच होतं. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणंही थांबलं.

आमचं वाचनालय उघडं होतं. पुस्तकं होती, नोंदवहीप्रमाणे मोजून भरली. आलेल्या माणसानं मग हजेरीचं रजिस्टर उघडलं. खोलीत बाकडी दोन. त्यानं बाकड्यांकडं बघितलं, रजिस्टराकडं बघितलं आणि विचारलं, "हे चाळीस लोक बसतात कुठं?"

माझा विद्यार्थी गप्प राहिला. अक्षर कोणाचं, पद्धत कोणी पाडली, काही बोलला नाही. खुलासा मागितला गेला, तो त्याच्याच नावानं दिला. वर्षभर हप्ता रखडला, म्हणजे वर्षभर पगार नाही. त्यानं फोन करून सगळं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "होईल, होईल, धीर धर." गेलो मात्र नाही. झरीहून तिथं जायला एसटीचे दोन तास लागतात. दोन तासांचा रस्ता मला तेरा वर्षांत सापडला नाही.

सरकारचा पैसा आम्ही खाल्ला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. ते खरंही आहे. पण खोटं रजिस्टर लिहिल्यानं जे झालं ते पैसे खाण्यापेक्षा लहान नाही. आमच्या रजिस्टरात चाळीस, शेजारच्या गावात पन्नास, आणखी कुठं साठ. वर बसलेल्याला वाटलं असणार, एवढ्याशा पैशात इतके वाचक येतात, मग चाललंय की बरं! आठ माणसांना वर्तमानपत्र वाचायला मिळावं म्हणून एका माणसानं दिवसाचे सहा तास बसणं याची खरी किंमत काय, हे आम्ही कधी कागदावर येऊच दिलं नाही. आणि ज्या दिवशी कुलूपबंद वाचनालयं पकडली गेली, त्या दिवशी आमचं उघडं वाचनालय त्यांच्याच रांगेत जाऊन उभं राहिलं. आमच्यात आणि त्यांच्यात फरक होता, पण तो दाखवायला आमच्याकडं खरं रजिस्टर नव्हतं.

कर असता तर सगळं सुरळीत झालं असतं का? मला नाही वाटत. तमिळनाडूत मालमत्ता करावर रुपयाला दहा पैसे ग्रंथालय कर आहे, कर्नाटकात सहा टक्के, केरळात पाच. कर गोळा होतो पण पालिकेच्या तिजोरीतून वाचनालयापर्यंत पोचत नाही, अशा तक्रारी तिकडंही आहेत. पण एक फरक आहे. तिथं मागायला हक्काची रक्कम असते. आपल्याकडं दर बजेटला हात पसरावा लागतो. कर्नाटकानं २०१९ साली ग्रामपंचायतीची वाचनालयं ग्रामविकास खात्याकडं दिली आणि गावच्या पंचायतीला त्यांच्यात गुंतवलं. केरळात लोकांच्या संस्थाही आहेत, निवडून आलेली ग्रंथालय परिषदही आहे आणि करही आहे. म्हणजे लोकांचं वाचनालय आणि हक्काचा पैसा ही दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतात. आपण १९६७ साली पहिलं घेतलं, दुसरं सोडलं. मराठवाड्यात तर ते कायद्यात होतं, आणि आम्ही ते गेल्याचं कुणाला कळलंही नाही. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. परभणीच्या वाचनालयात बसून कादंबऱ्या वाचत होतो!

महाराष्ट्राची रीत वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. राज्यात आजही अकरा हजारांच्या आसपास वाचनालयं आहेत, ती गावच्या माणसांनी काढली म्हणून आहेत. सरकारनं काढायची ठरवली असती तर आमच्या त्या गावापर्यंत कधी पोचली असती कोण जाणे. आम्ही पोरांनी ठरवलं आणि दोन महिन्यांत दार उघडलं. फक्त दार उघडून बसणाऱ्या माणसाचा विचार कायद्यानंही केला नाही आणि आम्हीही केला नाही. त्याच्या चांगुलपणावर सगळ्यांनी काम भागवलं.

चहा झाल्यावर मी त्याला हे सगळं बोलून दाखवलं. म्हणालो, "तू त्या दिवशी माझं नाव सांगायला पाहिजे होतंस."

तो म्हणाला, "सांगून काय झालं असतं सर? तुमची पेन्शन अडली असती. माझं तर अडायला काही नव्हतंच."

यावर मला काही बोलता आलं नाही. नात रजिस्टर चाळत होती. तिनं मध्येच विचारलं, "यातले खरे कोण आणि खोटे कोण?" तो तिच्या शेजारी जाऊन बसला, खिशातून पेन्सिल काढली आणि एका पानावर खऱ्या माणसांपुढं टिंब देत गेला. हा रोज यायचा. हा फक्त गुरुवारी, बाजाराच्या दिवशी. याला वाचता येत नव्हतं, पण दुसऱ्याकडून वाचून घ्यायला यायचा. ही आशाताई नव्हे, दुसरी, तिच्या मुलीसाठी पुस्तक न्यायची, ती मुलगी पुढं नर्स झाली. टिंबं मोजली तर नऊ भरली.

रजिस्टरं मी रद्दीत जाऊ दिली नाहीत. माझ्या कपाटात ठेवली आहेत. त्याच्या नावावरच्या देणगीच्या पावत्यांची बेरीजही काढायला घेतलीय. ती रक्कम त्याची आहे आणि ती त्याला परत करायची आहे. तो घेणार नाही म्हणतो. बघू. मास्तरचं ऐकायची त्याला जुनी सवय आहे.

तुम्ही जे कुणी हे वाचताय, पुण्यात असाल, अमेरिकेत असाल, गावी आलात की तिथल्या वाचनालयात एकदा जाऊन या. वर्गणी भरा, ती फार नसते. पुस्तकांची देणगी देण्याआधी तिथं बसलेल्या माणसाला महिन्याला काय मिळतं ते विचारा. तो लगेच सांगणार नाही. थोडा वेळ बसा, मग सांगेल. आणि रजिस्टरात सही करायला विसरू नका. खरी सही.